वाट पाहण्याचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला संगणक मॉनिटरच्या पाठीला अडकवलेला आहे. अर्धा किलो मिठाईच्या खोक्याएवढा, काळा. सकाळी दहाला मॅनेजर त्याचं बटण दाबतात आणि दुसऱ्या कामांना लागतात. गणपतीच्या फोटोला हार, उदबत्ती, टेबल पुसणं, वॉचमनकडून रात्रीचं रजिस्टर घेणं. एवढं उरकून खुर्चीत बसावं तर पडद्यावर ठिपक्यांचं कडं अजून फिरतच असतं. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. पडदा दिसायला ३ मिनिटं ४० सेकंद आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला आणखी २ मिनिटं. मेंटेनन्सची पावती घ्यायला आलेले एक काका तोवर दारात उभे होते. ‘‘बसा काका, चालू होतोय,’’ एवढंच मॅनेजर म्हणू शकले.

कमिटीच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला नवीन घ्या, दुसरा म्हणाला हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. हा दुसरा सल्ला आता कुठल्याही गल्लीतल्या दुकानात फुकट मिळतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण तो अर्धा असतो. कोणता एसएसडी, तो या डबीत बसेल का, जुन्या माहितीचं काय, तो किती वर्षं टिकेल आणि मुळात दुखणं डिस्कचंच आहे का, हे प्रश्न सल्ला देणाऱ्यानं विचारलेले नसतात. त्या सगळ्यांचा हा आढावा.

वेळ जातो कुठे

हार्डडिस्क हे फिरणारं यंत्र आहे. आत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या गरगरत असतात आणि एक काटा त्यांच्यावरून आतबाहेर हलतो. लहान डेस्कटॉपमध्ये सहसा लॅपटॉपची अडीच इंची डिस्क असते आणि ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. त्याआधी काटा योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण १२ मिलिसेकंद. एक तुकडा शोधायला सगळे मिळून सतरा-साडेसतरा मिलिसेकंद.

सेकंदाचा साठावा भाग ऐकायला किरकोळ वाटतो. पण संगणक सुरू होताना एक मोठी फाइल सलग वाचत नाही. तो हजारो बारीक तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करतो. समजा असे १०,००० तुकडे आहेत. हार्डडिस्कवर त्याला १७० सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं लागतील. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे एक तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येतो, म्हणजे सगळे तुकडे मिळून एक सेकंद. त्याहून महागडा, नव्या जोडणीचा एसएसडी घेतला तर कदाचित अर्धा सेकंद.

प्रत्यक्षात विंडोज किंवा लिनक्स तुकड्यांची रांग लावून घेतात, काही आधीच वाचून ठेवतात, त्यामुळे आकडे कमीजास्त होतील. प्रमाण मात्र फारसं हलत नाही, आणि या लेखाचा गाभा त्या प्रमाणातच आहे. हार्डडिस्कवरून कुठल्याही बऱ्या एसएसडीवर आलात की १६९ सेकंद वाचतात. साध्या एसएसडीवरून भारी एसएसडीवर गेलात की अर्धा सेकंद. बाजार मात्र आपल्याला या दुसऱ्या अर्ध्या सेकंदाची जाहिरात दाखवत असतो.

आपला संगणक नेमका डिस्कसाठीच थांबतो आहे का, हे घरीच तपासता येतं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रेंगाळत असताना तिथे डिस्कसमोर १०० टक्के आणि प्रोसेसरसमोर दहा-पंधरा टक्के दिसत असतील, तर दोष डिस्कचा. प्रोसेसरच नव्वदीत असेल तर एसएसडीनं फार फरक पडणार नाही. आणि रॅम काठोकाठ भरलेली असेल तर संगणक डिस्कचाच एक कोपरा रॅमसारखा वापरत असतो. अशा वेळी एसएसडी टाकल्यावर दुखणं कमी होतं, पण बरं होत नाही. ४ जीबीच्या यंत्रात एसएसडीबरोबर आणखी ४ जीबी रॅम टाकणं अधिक शहाणपणाचं.

चकतीपासून चिपपर्यंत

पहिली व्यापारी हार्डडिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांचं ते कपाट होतं आणि त्यात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा कित्येकदा पुरायची नाही. पुढच्या पन्नास वर्षांत चकत्या आकसत गेल्या, त्यांच्यावरची माहिती दाट होत गेली, पण काट्यानं जागेवर जाऊन चकती फिरण्याची वाट पाहायची, हे काही सुटलं नाही.

त्याचा पर्याय जपानमधून आला. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरीची कल्पना मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार. एका झटक्यात पुसली जाणारी ही मेमरी पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, तेच नाव पडलं. वीज गेली तरी माहिती राहते आणि काही फिरत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. १९८८ मध्ये अमेरिकेत तिघांनी मिळून एक कंपनी काढली, तीच पुढे सॅनडिस्क झाली. त्या तिघांपैकी एक कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा. या कंपनीनं १९९१ मध्ये आयबीएमला २० मेगाबाइटचा एसएसडी सुमारे १,००० डॉलरना विकला. मेहरोत्रा २०१७ पासून मायक्रॉन या मेमरी कंपनीचे प्रमुख आहेत. गुजरातेत साणंदला मेमरी चिपची जुळणी आणि चाचणी करणारा कारखाना उभारण्याचं मायक्रॉननं २०२३ मध्ये जाहीर केलं.

घरगुती ग्राहकाच्या दृष्टीनं एसएसडी खरा आला तो २००८ मध्ये. त्या वर्षी इंटेलनं ८० जीबीचा एक्स २५-एम आणला, किंमत ५९५ डॉलर. एवढे पैसे परवडेनात तेव्हा मधले मार्ग निघाले. हार्डडिस्कच्याच पोटात थोडी फ्लॅश घालणाऱ्या संकरित डिस्क आल्या. ॲपलनं २०१२ मध्ये १२८ जीबीची फ्लॅश आणि १ टीबीची हार्डडिस्क एकत्र बांधून तिला फ्यूजन ड्राइव्ह म्हटलं. इंटेलनं २०१७ मध्ये ऑप्टेन नावाची छोटी पट्टी आणली. ती हार्डडिस्कला मदत करायची. २०२२ मध्ये इंटेलनं ऑप्टेनचा धंदाच आवरला. फ्लॅश स्वस्त झाल्यावर तडजोडींची गरज उरली नाही. आज कुणी जुन्या हार्डडिस्कला जोड म्हणून असली पट्टी विकायला आला, तर त्याच्याकडचा शिल्लक माल खपवतोय असं समजावं.

डबीच्या पोटात काय

मोठ्या टॉवर संगणकात एसएसडी टाकणं हा प्रश्नच नव्हे. जागा असते, केबल असते, दोन-चार डिस्क सहज मावतात. लहान डेस्कटॉपमध्ये मात्र पहिला प्रश्न असतो, झाकण उघडतं का? याचं उत्तर त्या डबीचं गिऱ्हाईक कोण होतं यावर ठरतं.

याचं बोलकं उदाहरण म्हणजे मॅक मिनी. जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी तो दाखवला तेव्हा साडेसहा इंच चौरसाच्या त्या डबीला बाहेरून एकही स्क्रू नव्हता. उघडायला लोक रंगाऱ्याची पुट्टी भरायची पातळ पाती वापरत. ती फटीत सरकवायची, हलकेच उचकायचं आणि कडकन आवाज आला की देवाचं नाव घ्यायचं. २०१० मध्ये ॲल्युमिनियमची नवी डबी आली. तिच्या तळाला गोल झाकण होतं, दोन अंगठ्यांनी फिरवलं की निघणारं. रॅम हातानं बदलता येई. २०११ आणि २०१२ च्या डबीत तर अडीच इंची दोन डिस्क मावत. फक्त दुसऱ्या डिस्कची केबल बाहेरच्या विक्रेत्यांकडून घ्यावी लागे. हौशी लोकांच्या लेखी हा मॅक मिनीचा सुवर्णकाळ.

२०१४ मध्ये वारं फिरलं. रॅम मदरबोर्डवर डाखली गेली, तळाच्या झाकणाखाली धातूची पट्टी आली आणि तिला मधोमध टोक असलेले ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू. नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरला ते दाद देत नाहीत. आत एसएसडीसाठी खाच होती, पण तिची पिनांची मांडणी ॲपलची स्वतःची. स्वस्त मॉडेल मात्र ५,४०० फेऱ्यांच्या हार्डडिस्कवर विकलं गेलं. त्याच्या त्या खाचेत बाजारातला नेहमीचा एसएसडी बसवायचा तर वेगळी केबल, एक जोडपट्टी आणि २०१७ नंतरची मॅक कामप्रणाली, एवढा जामानिमा लागतो. २०१८ मध्ये एसएसडीच बोर्डवर डाखला गेला आणि विषय संपला. २०२४ च्या पाच इंची मॅक मिनीत साठवणीची पट्टी पुन्हा काढता येते खरी, पण तिच्यावर नुसत्या चिप असतात. त्यांचा कारभार पाहणारा नियंत्रक मुख्य प्रोसेसरमध्ये आहे. त्यामुळे बाजारातला सर्वसाधारण एसएसडी तिथे चालत नाही आणि पट्टी बदलल्यावर दुसरा मॅक जोडून सगळं नव्यानं बसवावं लागतं. वीस वर्षांत दार उघडलं, मग बंद झालं, आणि आता किलकिलं झालंय.

याच्या अगदी उलट गोष्ट ऑफिसांसाठी बनलेल्या डब्यांची. लेनोव्होचा टायनी, डेलचा मायक्रो आणि एचपीचा मिनी ही या कुळातली तीन घराणी. अठरा सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड. गुणाकार केला तर एक लिटरच्या जरा वर, म्हणून त्यांना एक लिटरचे पीसी म्हणतात. दुधाची पिशवी मावते तेवढ्या जागेत अख्खा संगणक. या डब्या कंपन्या हजारांच्या संख्येनं घेतात आणि त्यांच्या देखभाल विभागाला एकेका डबीवर अर्धा तास घालवणं परवडत नाही. म्हणून मागे एकच स्क्रू, तो काढला की झाकण सरकतं. बड्या गिऱ्हाइकाच्या सोयीचा फायदा आता आपल्याला मिळतो, कारण चार-पाच वर्षांनी कंपन्या हे संगणक काढून टाकतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत रिफर्बिश्ड म्हणून विकायला येतात.

आमच्या सोसायटीची डबी याच कुळातली. मागचा स्क्रू काढला, झाकण सरकवलं आणि आतून पाच वर्षांची धूळ नमद्यासारखी उलगडून आली. एका बाजूला पंखा, खाली अडीच इंची डिस्कचा प्लास्टिकचा सांगाडा आणि उलट बाजूला एक रिकामी खाच, च्युइंगमच्या पट्टीएवढी. ती एम डॉट टू. तिच्यासमोर ८ सेंटिमीटरवर स्क्रूचं भोक असतं. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची, मग टोक खाली दाबून स्क्रू आवळायचा. हा स्क्रू मुगाच्या डाळीएवढा. आमच्या डबीत तो नव्हताच. आधीच्या मालकानं पट्टी काढून घेताना स्क्रूही नेला होता. सेकंडहँड घेताना ही एक गोष्ट पाहून घ्यावीच. अडीच इंची डिस्कचा सांगाडा, तिची चपटी केबल आणि हा स्क्रू, या तीन वस्तू हमखास गायब असतात आणि त्या शोधताना एसएसडी शोधण्यापेक्षा जास्त चपला झिजतात.

तिसरं कूळ इंटेलच्या एनयूसीचं, तळहाताएवढ्या डब्यांचं. २०२३ मध्ये इंटेलनं ते थांबवलं आणि आसूसनं पुढे चालवलं. तेही सहज उघडतात. आणि चौथं, विद्यार्थ्यांचं लाडकं रास्पबेरी पाय. ते मुळात मेमरी कार्डावर चालायचं आणि सततच्या लिखाणानं कार्डं दगा द्यायची. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये एसएसडी जोडायची सोय आली आणि पुढच्या वर्षी त्यासाठीची जोडपट्टीही.

साटा की एनव्हीएमई

दुकानात तीन शब्द कानावर पडतात आणि तिथेच गोंधळ होतो, कारण त्यातला एक आकाराचा आहे आणि दोन भाषेचे. एम डॉट टू हा फक्त आकार. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० या त्याच्या धाकट्या बहिणी. साटा आणि एनव्हीएमई या मात्र बोलायच्या दोन पद्धती. एम डॉट टू आकाराचा एसएसडी साटा बोलणारा असू शकतो किंवा एनव्हीएमई बोलणारा. खाचेला त्यातली एकच भाषा कळत असेल, तर चुकीची पट्टी नीट बसूनही दिसणारच नाही. त्यातच वायफायच्या कार्डाचीही खाच जवळजवळ तशीच असते. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी.

साटा ही पद्धत हार्डडिस्कच्या काळातली. तिची तिसरी आवृत्ती २००९ ची आणि तिची धाव सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर संपते. एनव्हीएमई हा नियम २०११ मध्ये खास फ्लॅशसाठी लिहिला गेला. जुन्या पद्धतीत कामांची एक रांग आणि तीत ३२ कामं. एनव्हीएमईत सुमारे ६४ हजार रांगा आणि प्रत्येकीत तेवढीच कामं. तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर हा वेग सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइटपर्यंत जातो, चौथ्या पिढीवर सात हजारांपर्यंत.

आकड्यांनी भुलायला होतं. पण पावत्या, पत्रं, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास आणि यूट्यूब एवढ्याच कामाच्या संगणकात साटा काढून एनव्हीएमई टाकला, तर कुणी सांगितल्याशिवाय फरक कळणार नाही. लग्नांचे व्हिडिओ कापणारा, मोठमोठ्या फाइली रोज हलवणारा माणूस मात्र एनव्हीएमईच घेईल आणि त्यानं तो घ्यावाच. रिकामी एनव्हीएमई खाच असेल आणि दोन्हींची किंमत सारखी असेल तर एनव्हीएमई घ्यावा. मग अडीच इंची जागा जुन्या डिस्कसाठी मोकळी राहते. साधारण २०१४ पूर्वीच्या यंत्रांत मात्र एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही, कारण बोर्डाला ती भाषा शिकवलेली नसते. तिथे अडीच इंची साटा हाच सरळ रस्ता.

एक लिटरच्या डबीत उष्णतेचाही विचार हवा. एनव्हीएमई पट्टी तापली की स्वतःच वेग कमी करते. विदर्भातल्या मे महिन्यात, बिनपंख्याच्या खोलीत, पाचव्या पिढीची भट्टी आत कोंबण्यात काहीच अर्थ नाही. तिसऱ्या पिढीची शांत पट्टी आणि धूळ झाडलेला पंखा जास्त कामाचे.

झिजण्याची भीती

‘एसएसडी लिहून लिहून संपतो’ हे खरं आहे. फ्लॅशच्या प्रत्येक कप्प्यात विजेचा भार कोंडलेला असतो आणि दर पुसण्या-लिहिण्याला त्याची भिंत थोडी झिजते. एका कप्प्यात एक बिट ठेवलं तर भाराच्या दोन पातळ्या ओळखायच्या, तीन बिट ठेवले तर आठ, चार ठेवले तर सोळा. जितकी दाटी तितकी किंमत कमी आणि झीज जास्त. तीन बिटवाल्याला टीएलसी म्हणतात, चार बिटवाल्याला क्यूएलसी. शिवाय फ्लॅशमध्ये लिहिता येतं लहान पानावर, पण पुसावा लागतो पानांचा अख्खा गठ्ठा. म्हणून आतला नियंत्रक सतत आवराआवर करत असतो आणि झीज सगळ्या कप्प्यांवर सारखी वाटतो. कुठली पानं आता नकोत हे कामप्रणाली त्याला सांगते, त्या निरोपाचं नाव ट्रिम. विंडोजला तो २००९ च्या विंडोज ७ पासून येतो.

आता भीतीचं माप काढू. ५०० जीबीच्या एका नावाजलेल्या टीएलसी साटा एसएसडीवर कंपनी ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देते. ऑफिसचा संगणक दिवसाला २० जीबी लिहितो असं धरलं, आणि हे सढळ हातानं धरलंय, तर हमी पुरेल १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षं. २०१३ ते २०१५ या काळात द टेक रिपोर्ट या अमेरिकी संकेतस्थळानं सहा एसएसडी मरेपर्यंत लिहून पाहिले. पहिला गेला तो ७०० टेराबाइटनंतर, शेवटचा २,४०० टेराबाइटच्या आसपास.

भ्यायचं असेल तर वेगळ्या गोष्टीला भ्यावं. हार्डडिस्क जाण्याआधी बहुधा कुरकुरते, टक-टक करते, फाइली उघडायला वेळ लावते. एसएसडी अनेकदा न सांगता जातो. काल संध्याकाळी ठीक होता, आज सकाळी संगणकाला दिसतच नाही. शिवाय ट्रिममुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास शून्य. वीज अचानक जाण्यानंही घरगुती एसएसडीतली पत्त्यांची वही, म्हणजे कुठली माहिती कुठे आहे ही नोंद, बिघडू शकते, म्हणून जिथे लोडशेडिंग आहे तिथे यूपीएस हवाच. आणि एसएसडी ही कपाटात ठेवून द्यायची वस्तू नव्हे. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे, हमीइतकं लिखाण पूर्ण झालेल्या घरगुती एसएसडीनं ३० अंश तापमानाला विजेविना एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा असते. नवा एसएसडी याहून पुष्कळ टिकतो. पण लग्नाचे फोटो दहा वर्षांसाठी ठेवायचे, तर त्याला जुनी हार्डडिस्कच बरी.

सामान हलवताना

जुन्या डिस्कवरून नव्यावर जायचे दोन मार्ग. एक म्हणजे जसंच्या तसं उचलणं, ज्याला दुकानदार क्लोन मारणं म्हणतात. दुसरा म्हणजे कोरी विंडोज मारून फक्त कामाच्या फाइली आणणं. दुसऱ्यात अर्धा दिवस जातो, पण वर्षानुवर्षांचा कचरा मागे राहतो. विंडोज १० आणि ११ चा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. त्यामुळे डिस्क बदलली तरी तो आपोआप लागू होतो आणि ‘परवान्याचे वेगळे पैसे’ मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणता येतं.

पहिला मार्ग कुणासाठी, याचं उत्तर आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना विचारावं. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक जुळवणाऱ्या कित्येक टेबलांवर युनिकोडपूर्व काळातले मराठी फॉन्ट, पेजमेकरच्या फाइली आणि सॉफ्टवेअरची यूएसबी चावी असा संसार अजून नांदतो. त्यांच्या मूळ सीडी केव्हाच हरवल्या आहेत. इथे कोरी विंडोज मारणं म्हणजे वीस वर्षांच्या फाइली वाचता न येण्याचा धोका. अशा यंत्राचं क्लोनच करावं, तेही जुन्या डिस्कची एक प्रत बाजूला ठेवून. क्लोनझिला हे काम फुकट करतं. हार्डडिस्क ५०० जीबीची आणि एसएसडी २५६ चा असेल तर आधी भाग लहान करून घ्यावे लागतात. बिटलॉकरचं कुलूप असेल तर ते उघडून घ्यावं आणि त्याची चावी कागदावर लिहून ठेवावी. विंडोज एक्सपीवर अडकलेल्या यंत्राला मात्र एसएसडी फारसा मानवत नाही. त्याला ट्रिम कळत नाही आणि त्याची डिस्कवरची आखणीही फ्लॅशच्या पानांशी जुळत नाही.

बाजारात

अनोळखी नावाचा, आकड्यांत प्रचंड आणि किमतीत नगण्य असा एसएसडी दिसला की हात आखडावा. अडीच इंची खोकं उघडल्यावर आत मोबाइलचं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघाल्याची उदाहरणं जगभर सापडली आहेत. असा माल संगणकाला १ टीबी म्हणून सांगतो आणि खरी जागा संपली की जुन्यावरच लिहीत सुटतो. जर्मनीतल्या सी-टी मासिकानं प्रसिद्ध केलेलं एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतं. लिनक्सवर त्याच कामाला एफ-थ्री. परत करायची मुदत संपण्याआधी ही परीक्षा घ्यावी.

खऱ्या मालातही खाचाखोचा आहेत. स्वस्त क्यूएलसी पट्टी पहिले काही जीबी झपाट्यानं लिहिते आणि त्या वेगवान लिखाणाची राखीव जागा भरली की हार्डडिस्कच्या पातळीवर घसरते. २०२१ मध्ये काही नावाजलेल्या कंपन्यांनी नाव तेच ठेवून आतल्या चिप बदलल्याचंही परीक्षकांनी दाखवून दिलं. म्हणून खोक्यावरच्या वेगापेक्षा दोन गोष्टी वाचाव्यात, हमीची वर्षं आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे किती टेराबाइट लिखाणाची हमी. भावाचं म्हणाल तर २०२३ मध्ये फ्लॅश मातीमोल झाली होती. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून ‘पुढच्या महिन्यात स्वस्त होईल’ हा जुना आडाखा सध्या कामाचा नाही. त्याच वेळी १ टीबी घेण्याचा मोहही नको. ऑफिसच्या कामाला २५६ जीबी पुरतं, घराला ५००.

कधी टाकू नये

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमची डबी सहाव्या-सातव्या पिढीची असेल तर एसएसडी टाकण्याआधी ठरवावं की त्यावर चालणार काय. लिनक्स मिंट चालत असेल तर अशी डबी अजून पाच वर्षं आनंदानं काम करेल. पण विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर अनिवार्य असेल तर जुन्या यंत्रावर खर्च न करता आठव्या पिढीची रिफर्बिश्ड डबी घ्यावी. एसएसडी तिच्यातही जाईल. साठवण डाखलेल्या मॅक मिनीला यूएसबी किंवा थंडरबोल्टवरून बाहेर एसएसडी जोडावा. तो दिसायला लोंबता असला तरी कामाला चोख असतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क हा शब्द मोठा आहे, पण लहान डेस्कटॉपच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी मूठभर. झाकणाला नेहमीचा स्क्रू आणि आत सगळ्यांच्या मापाची खाच. नवी डबी घेताना प्रोसेसरची पिढी विचारतो, तसंच ‘हिचं झाकण उघडतं का?’ हेही विचारायची सवय लागली, तर पाच वर्षांनी आपण उपकार मानू ते याच प्रश्नाचे.

आमच्या ऑफिसात शेवटी २५६ जीबीचा साधा एसएसडी आला, आणि स्क्रू घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून. डबी आठव्या पिढीची निघाली, त्यामुळे विंडोज ११ चढलं. आता बटण दाबल्यापासून १८ सेकंदांत पडदा येतो आणि हार नंतर घातला जातो. पावतीला अजूनही मिनिटभर लागतंच. पण ते प्रिंटर तापायला, आणि त्याच्यावर एसएसडीचा उपाय नाही. काढलेली हार्डडिस्क टाकून दिली नाही. छोट्या यूएसबी खोक्यात घालून ती कपाटात ठेवली आहे. दर शनिवारी मॅनेजर ती जोडतात, आठवड्याचे हिशेब तिच्यावर उतरवतात आणि तेवढा वेळ चहा पितात. ती आपल्या गतीनं फिरत राहते. आता तिच्यासाठी दारात कुणी ताटकळत नाही.